पोळी-भात सोडला की थंडी का वाजते? तिसऱ्या खेपेला सापडलेली कारणं

एप्रिलचा शेवटचा आठवडा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेर पारा ४२ वर, खिडकीत कूलर घरघरतोय आणि मी पायांत लोकरीचे मोजे घालून बसलेली. सासूबाईंनी आधी मोज्यांकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही गं." थर्मामीटर लावला, ३६.४ सेल्सिअस. ताप नव्हताच. थंडी वाजत होती.

त्याआधी दोनदा हेच झालं होतं. दोन्ही वेळा हिवाळा होता, त्यामुळे सगळा दोष ग्वाल्हेरला दिला. पहिल्यांदा लो-कार्ब सुरू केलं ते दिवाळीनंतर. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आली होती, डॉक्टर म्हणाले सहा-सात किलो उतरवा आणि पोळी-भात-साखर कमी करा. मी कमी नाही केलं, बंदच केलं. तिसऱ्या आठवड्यात बोटं गार पडायला लागली, पाठीत हुडहुडी भरायची. डिसेंबरात तानसेन समारोहाला हजिऱ्याला गेलो तर मी दोन शाली गुंडाळून आणि शेजारच्या सत्तरीच्या काकू एका स्वेटरवर खुशाल समेवर मान हलवतायत. तेव्हाच शंका यायला हवी होती. नाही आली. मग संक्रांत आली, मुरैन्याची गजक आली, डाएट बुडालं आणि चार-पाच दिवसांत थंडीही गेली. पुढच्या वर्षी पुन्हा दिवाळी, पुन्हा डाएट, पुन्हा थंडी, पुन्हा गजक. दोन्ही गोष्टींचा संबंध मला तरी लागला नाही. तो लागला एप्रिलात, कारण तेव्हा हवामानावर ढकलायला जागाच उरली नव्हती.

ज्यांना हेच होतंय त्यांच्यासाठी मी काय काय तपासलं ते लिहिते. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. त्यामुळे जिथे हिशोब आहे तिथे जरा जास्त रेंगाळेन.

गोळ्या चालू असतील तर आधी हे वाचा

आमच्या गल्लीतल्या एका काकांची गोष्ट. मधुमेहाची ग्लिमेपिराइड चालू, आणि कुणाचं तरी ऐकून त्यांनी परस्पर पोळी-भात बंद केला. गोळी मात्र तेवढीच. चौथ्या दिवशी सकाळी अकराला अंग गार, दरदरून घाम, हात थरथरतायत. काकूंना वाटलं हुडहुडी भरली, त्यांनी रजई घातली. नशीब मुलगा घरी होता, त्याने मशीनवर साखर पाहिली तर ५८. ७० च्या खाली गेली की ती कमीच समजायची. साखरपाणी दिलं, दहा-पंधरा मिनिटांत माणूस बोलायला लागला. घाम आणि थरथर यांच्यासोबत येणारा गारठा हा थंडीचा प्रकारच नव्हे, तिथे रजई नको, साखर हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर कर्बोदकं कमी करण्याच्या आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा.

मधुमेहाचीच डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी घेत असाल तर कडक लो-कार्बच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात जाऊ नका. या गोळ्यांवर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि गंमत अशी की मशीनवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. उलट्या, पोटदुखी, धाप असं काही असेल तर सरळ दवाखाना.

रक्तदाबाचंही तसंच. कर्बोदकं कमी केल्यावर बऱ्याच जणांचा दाब उतरतो, मग जुना डोस जास्त पडतो. आणि अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्यांनी हातपाय गार पडतात ते डाएट न करताही. माझ्या दिरांचे हात बारा महिने गार असतात, त्याचं कारण त्यांच्या डबीतच होतं.

पोळी काढली, तिच्या जागी काय ठेवलं?

हा प्रश्न माझा नाही, बडोद्याच्या नणंदेचा. फोनवर माझी मोज्यांची कहाणी ऐकून ती म्हणाली, "वहिनी, तू दिवसभरात खातेस काय, ते एकदा लिहून पाठव बरं." मी लिहायला बसले आणि दहा मिनिटांत स्वतःचीच लाज वाटली.

आधीचं माझं खाणं असं: सकाळी बशीभर पोहे, दिवसभरात पाच पोळ्या, एक वाटी भात, तीन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. वरण, भाजी, दही वेगळं. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, तेल-तुपासकट ती ११० कॅलरीच्या आसपास जाते. पाचांच्या झाल्या ५५०. भाताचे दोनशे, पोह्यांचे अडीचशे, साखरेचे शंभर. म्हणजे ताटातून मी सुमारे अकराशे कॅलरी उचलून बाहेर ठेवल्या होत्या. त्यांच्या जागी आलं काय? पन्नास ग्रॅम पनीर, दहा बदाम आणि एक वाटी जास्तीची भाजी. ओढूनताणून तीनशे. रोजची आठशेची तूट! दिवसाचं खाणं एकोणीसशेवरून अकराशेवर आलं होतं. या खाण्याला मी लो-कार्ब म्हणत होते. आजी असती तर तिने याला सरळ उपास म्हटलं असतं.

आपल्या शाकाहारी ताटाचा घोळ इथेच आहे. आपल्याकडे पोळी-भात हेच जेवण, बाकी सगळं तोंडीलावणं. जेवण काढून टाकलं की तोंडीलावणंच उरतं, आणि दोन चमचे कोशिंबिरीवर कोणाचं अंग गरम राहणार? दुसरी गोष्ट मला हिशोब करेपर्यंत कळली नव्हती. पोळीत नुसतं पीठ नसतं, एका पोळीत तीनेक ग्रॅम प्रथिनंही असतात. पाच पोळ्या गेल्या म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं गेली. वरणही "डाळीत कार्ब असतात" म्हणून बंद केलं होतं, ती गेली ती वेगळीच.

खाणं एवढं घटलं की शरीर हात आखडतं. घरात पगार निम्मा झाला की आपण आधी पंखे-दिवे बंद करतो, तसं ते उष्णता निर्माण करण्यावरचा खर्च कापतं. थायरॉइड ग्रंथीतून निघणारं टी४ हे संप्रेरक शरीरात टी३ मध्ये बदलतं तेव्हा कुठे ते जोमाने काम करतं. उपासमारीत हा बदल मंदावतो, टी३ खाली येतं. त्वचेकडे जाणारा रक्तपुरवठाही आखडतो, म्हणून पहिल्यांदा गार पडतात ती हातापायांची बोटं आणि नाकाचा शेंडा.

यात कर्बोदकांचा दोष किती आणि कमी खाण्याचा किती, हे मला हवं होतं. त्याचं बरंचसं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या भुकेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शोधण्यासाठी. ही मुलं ऐन उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणून तक्रार करायची, जादा पांघरूण मागायची. आणि त्यांच्या ताटात होतं काय, तर ब्रेड, बटाटे, सलगम, मॅकरोनी. म्हणजे कर्बोदकं भरपूर, तरीही थंडी. माझे मोजे आणि त्यांची पांघरुणं एकाच कारणाची होती: पोटात कमी पडत होतं.

पण एवढ्यावरून कर्बोदकांना पुरतं निर्दोष सोडता येत नाही. दिवसाला अगदी वीस-तीस ग्रॅम कर्बोदकांवर राहणाऱ्यांचं टी३ पुरेसं खाऊनही थोडं खाली आलेलं दिसतं. माझ्या बरोबरीच्या एक बाई चहातसुद्धा तूप घालून पितात, कॅलरीची कमी नाही, तरी त्यांना गारठा जाणवतो. (चहात तूप. मी चाखून पाहिला. पुन्हा नाही.) त्याला आणखीही एक कारण असावं. खाल्लेलं पचवतानाच शरीर थोडी उष्णता तयार करतं. प्रथिनांतल्या उष्मांकांपैकी वीस ते तीस टक्के असे पचवण्यातच खर्च होतात, कर्बोदकांचे पाच ते दहा, आणि स्निग्ध पदार्थांचे जेमतेम तीनपर्यंत. म्हणजे नुसत्या तूप-लोण्याने पोट भरेल, पण जेवणानंतर जी ऊब येते ती देण्याच्या कामात तूप तसं आळशीच. सासूबाई मात्र हे मानत नाहीत.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का?

येत असेल तर मिठाकडे बघा. हे पहिल्या दोन आठवड्यांतलं दुखणं.

यकृत आणि स्नायू मिळून साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. कर्बोदकं थांबली की साठा रिकामा होतो आणि पाणी वाहून जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दीड-दोन किलो कमी दिसतात आणि आपण शेजारणीला फोन करून सांगतो, ते बहुतेक हेच पाणी. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. रक्तातलं पाणी घटतं, दाब उतरतो आणि तो सावरायला शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. परिणाम: गार हात, जड डोकं, उठल्यावर भोवळ.

आपण यात स्वतःच भर घालतो, ते असं की डाएट म्हटलं की लोणचं, पापड, चटणी, वरण सगळंच बंद होतं. म्हणजे मीठ आत जात नाही आणि बाहेर मात्र जातंय. मी ताक सुरू केलं असतं, पण हुडहुडी भरलेली असताना गार ताक पिणं म्हणजे वेगळंच संकट. म्हणून गरम सार. टोमॅटोचं किंवा आमसुलाचं, जिऱ्याची फोडणी, बेताचं मीठ, दिवसातून दोन वाट्या. अंधारी तीन दिवसांत थांबली. हातांच्या गारठ्यात थोडाच फरक पडला, पण पडला.

दोन इशारे. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी हा उपाय स्वतःच्या मनाने करू नये, आणि "लो सोडियम" म्हणून मिळणारं पोटॅशियमवालं मीठ तर मुळीच नको. दुसरं म्हणजे सैंधव. डाएट करणाऱ्या प्रत्येक घरात हल्ली गुलाबी मीठ आलंय. तेही सोडियम क्लोराइडच, फक्त साध्या मिठाच्या पुडीत घातलेलं आयोडीन त्यात सहसा नसतं. समुद्रापासून इतक्या लांब, मासे न खाणाऱ्या घरात, थायरॉइडला लागणारं आयोडीन मुख्यतः मिठातूनच मिळतं. मी सैंधव उपासापुरतं ठेवलं.

रक्ताचा कागद

खाणं वाढवलं, मीठ सावरलं, थंडी निम्म्याहून कमी झाली. मोजे निघाले. पण बोटं गारच. खडू धरताना जाणवायचं. मग मात्र तपासण्या केल्या, आणि तुम्ही माझ्यासारखा उलटा क्रम लावू नका, या आधीच करून टाका: हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२.

टीएसएच ठीक आलं. बी१२ काठावर. हिमोग्लोबिन १०.८, जे बाईला किमान १२ हवं. आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९. पंधराच्या खाली गेला की साठा संपला असं धरतात. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. सेहेचाळीस वय, दोन वर्षांपासून अंगावरून जास्त जातंय, मी ते "या वयात होतंच" म्हणून सोडून दिलेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे मी काही वेगळी नव्हते, पण वेगळी नसण्याचा आनंद तरी कसला मानायचा. रक्तात लोह कमी असलं की शरीराला ऊब टिकवणं अवघड जातं.

मग त्यांनी विचारलं, चहा किती? इथे मी पकडले गेले. भूक मारायला आणि ऊब यावी म्हणून मी दिवसाला सहा-सात कप कोरा, बिनसाखरेचा चहा पीत होते, त्यातले दोन जेवणाच्या पाठोपाठ. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. थंडी घालवायला जे पीत होते तेच थंडीच्या मुळाला पाणी घालत होतं. आता जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि पाळीचा इलाज वेगळा चालू आहे. हिमोग्लोबिन महिन्याभरात चढायला लागलं. साठा भरायला मात्र त्यानंतरही तीनेक महिने गोळी घ्यावी लागते. मध्येच सोडणारे पुन्हा तिथेच येतात.

थायरॉइडचं थोडक्यात. थंडीबरोबर केस गळणं, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, सुस्ती आणि कमी खाऊनही वजन चढतं असेल तर टीएसएच टाळू नका. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. थायरॉइडची गोळी चालूच असेल तर ती रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब. आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या जणी दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेतात.

बोटं आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होत असतील तर ते प्रकरण डाएटचं नाही. तो रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो, दाखवून घ्या. आणि थर्मामीटरवर ३५ च्या खाली आकडा आला तर सार करत बसू नका, दवाखान्यात जा.

सध्या काय चाललंय

एका वेळी एकच बदल, आठवडाभर. सगळं एकदम केलं की कशाने बरं वाटलं ते कळत नाही. मी वहीत रोज तीन गोष्टी लिहायचे: सकाळी उठल्याबरोबरचं तापमान, काय खाल्लं, आणि थंडीला दहापैकी किती गुण. गुण देण्याची सवय आहेच.

सकाळी मुगाच्या डाळीची दोन धिरडी, किंवा दोन अंडी. अंड्यांचा तवा गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, हा सासूबाईंशी झालेला तह. दुपारी एक पोळी, वाटीभर घट्ट वरण, भाजी, आणि पनीर असेल तर शंभर ग्रॅम, पन्नास नव्हे. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे. थंडीत रात्री बाजरीची एक लहान भाकरी, तूप लावून, आणि चाकवताची पातळ भाजी. इथल्या भाजीवाल्याकडे बथुआ म्हणून मागायची, चाकवत म्हटलं तर तो फक्त बघत राहतो. दिवसाची कर्बोदकं शंभर ग्रॅमच्या आसपास येतात. पहिल्या खेपेला मी चाळीसवर होते आणि त्याचा अभिमानही होता. १३० च्या खाली असलं तरी ते लो-कार्बच, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर दोन हिवाळे वाचले असते.

वजन आता हळू उतरतं, पंधरा दिवसांत अर्धा किलो, कधी तेवढंही नाही. एचबीए१सी ५.८ वर आलंय. चरबी कमी झाली की अंगावरचं अस्तरही पातळ होतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा एखादा स्वेटर जास्त लागणारच, ते मी धरून चालले आहे. या डिसेंबरात हजिऱ्याला एक शाल पुरली. थंडीचे गुण गेले तीन आठवडे दोनच्या वर गेलेले नाहीत, अपवाद एका सोमवारचा, तेव्हा शाळेत निरीक्षण होतं आणि दुपारचा डबा तसाच परत आला होता. फेरिटिन मार्चमध्ये पुन्हा तपासायचं आहे.